आईनं एकदाच घेतलेलं आडनाव

आमचं आडनाव सोलापुरात इतकं बोकाळलेलं होतं की आमच्या पेठेत डोळे मिटून दगड भिरकावला असता तर तो त्याच आडनावाच्या माणसाला लागला असता, आणि भांडण सोडवायला आलेला माणूसही त्याच आडनावाचा निघाला असता. जुन्या काळी गावाचं दप्तर ज्यांच्याकडं असायचं त्यांचं हे आडनाव. एवढ्यावरून कळलं असेलच. मी ते इथं लिहिणार नाही. माझ्या आईनं ते उभ्या जन्मात एकदाच तोंडातून काढलं. तिनं इतकं जपलेलं नाव मी चार पानांत दहादा उधळलं तर ती वरून मला रागं भरेल, आणि आईच्या रागाला मी अजून भिते.

दप्तर आमच्या घरातून पणजोबांच्या वेळेसच गेलं होतं. राहिलं होतं ते नुसतं आडनाव. करकंबला मोठे काका शेती बघायचे आणि माझे वडील, त्यांना मी अण्णा म्हणायची, कुर्डुवाडीला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. रेल्वेनं त्यांना दिलेली खोली एवढीशी होती की ट्रंक उघडायची तर माणसानं बाहेर जावं. म्हणून आई आणि मी सोलापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. अण्णा शनिवारी संध्याकाळच्या पॅसेंजरनं यायचे आणि सोमवारी पहाटे गिरणीचा भोंगा व्हायच्या आत निघायचे.

आले की जेवताना रेल्वेच्या गोष्टी. आपलं आडनाव इंग्रजीत गेलं की फार चमत्कारिक वागतं, असं ते म्हणायचे. मराठीत ते सरळ साधं, दारावरच्या पाटीसारखं. पण साहेबाच्या तोंडात गेलं की त्याचे अर्थ बदलत राहायचे. साहेबानं नुसतं आडनाव घेऊन हाक मारली तर समजावं, काम आहे, राग नाही. मागं बाबू लावलं तर काम जास्तीचं आहे आणि ते फुकट करायचं आहे. पुढं मिस्टर लावलं की मात्र धडगत नाही, कारण त्या दिवशी काहीतरी चुकलेलं असायचं. एक नवा साहेब कलेक्टर कचेरीतली मोठमोठी टिपणं वाचून आलेला होता. त्या टिपणांत आमचं आडनाव म्हणजे माणूस नव्हेच, हुद्दा. त्यानं अण्णांना विचारलं, तुम्ही कोणत्या गावचे? म्हणजे कोणत्या गावचं दप्तर तुमच्याकडं? अण्णा म्हणाले, साहेब, मी कुर्डुवाडी जंक्शनचा. साहेबानं गंभीरपणे मान डोलावली म्हणे.

आणि एक म्हातारा साहेब विलायतेला परत जाताना अण्णांना चिठ्ठी ठेवून गेला होता. तिच्या सुरुवातीला 'माय डिअर' आणि पुढं नुसतं आडनाव. ना मिस्टर, ना बाबू. अण्णा ती आम्हाला दाखवून म्हणाले, इंग्रजीत पुरुषाला पुरुष याच्याहून जवळचं काही म्हणत नाही. आईनं पोळीला तूप लावता लावता ऐकलं आणि म्हणाली, "एवढं जवळचं, आणि त्याला तुमचं पाळण्यातलं नाव तरी ठाऊक होतं का?" अण्णांनी चिठ्ठीची घडी घालून ती खिशात ठेवली. आईशी बोलताना त्यांचं बहुधा असंच व्हायचं.

खरं म्हणजे पाळण्यातलं नाव आईच्याही कानावरून फारसं गेलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा अण्णा सोलापूरला शिकत होते. त्यांचे मित्र रस्त्यावरून आडनावानं हाक मारायचे, आणि हाक आली की हे खुंटीवरची टोपी घेऊन बाहेर. पुढं नोकरीतही तेच. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा सगळ्याच बायकांचा नेम. हळदीकुंकवात, लग्नकार्यात उखाण्यातून घ्यायचं, तेवढीच सूट. आडनावाला सहसा कुणाची हरकत नसते. बायका खुशाल सांगतात, आम्ही अमक्यांच्या. पण जगानं यांना हाक मारायचं जे नाव तेच यांचं नाव, असं आईनं धरलं होतं. ते घेतलं की त्यांचं आयुष्य तुटतं, असं तिला तिच्या आईनं सांगितलेलं. तिच्या आईनं सांगितलं होतं ते पाळण्यातल्या नावाबद्दल, हे मी तिला किती वेळा समजावलं. ती म्हणायची, "आयुष्य काय ते विचारून तुटतं का?"

त्यामुळं रोजचे व्यवहार म्हणजे एक करमणूक होती. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी उभा राहून आडनावाचा पुकारा करायचा, तीन घरांतून तीन बायका बाहेर यायच्या, आणि आई लांबून विचारायची, "रेल्वेतल्यांचं आहे का?" आमच्या आडनावाच्या शेजाऱ्यांना ती 'आपल्या नावाचे' म्हणायची. कोपऱ्यावरचे वाणी लिंगायत, घरात कानडी बोलायचे आणि दुकानात मराठी. ते मुद्दाम तिची फिरकी घ्यायचे.

"वैनी, सामान कुणाच्या घरी पाठवू?"

"तुम्हाला ठाऊक आहे की."

"हितं समदे त्याच नावाचे हायत की. घ्या की नाव."

"दप्तरवाल्यांकडं पाठवा," आई म्हणायची आणि पदर सावरून चालू पडायची. त्यांच्या दुकानात आम्ही शेवटपर्यंत दप्तरवालेच राहिलो.

मराठी शाळेतल्या इयत्ता संपल्या तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन. घरापासून चालत जाण्यासारखी, मुलींना इंग्रजी शिकवणारी एक लहानशी शाळा होती. एक गोऱ्या बाई ती चालवायच्या. त्यांना सगळं गाव मिसबाई म्हणायचं. मला त्या शाळेत जायचं होतं. किती जायचं होतं ते आता सांगून पटायचं नाही. साबणाच्या वेष्टनावरची, आगगाडीच्या डब्यावरची, काड्यापेटीवरची इंग्रजी अक्षरं मी लावत सुटायची, आणि अण्णा आले की त्यांना जेवू द्यायची नाही. अण्णांची ना नव्हती. आईचीही नव्हती. उलट तिलाच जास्त हौस होती, कारण तिला स्वतःला पाटी हातात मिळायच्या आत लग्नाची हळद लागली होती. अडचण आली ती मिसबाईंच्या रीतीची.

मिसबाई फसून फसून शहाण्या झाल्या होत्या. बाप लोक मोठ्या रुबाबात येऊन सांगायचे, मुलगी मॅट्रिक होणार. दिवाळीत स्थळ यायचं आणि संक्रांतीला मुलगी सासरी वाण लुटत असायची. विचारायला गेलं की बाप म्हणायचे, काय करणार, घरातली बायकामाणसं ऐकेनात. शेवटी मिसबाईंनी बापांचा नाद सोडला. त्यांची रीत अशी ठरली की आईनं स्वतः यायचं. त्यांच्यासमोर उभं राहून पहिलं वाक्य इंग्रजीत म्हणायचं, 'आय ॲम मिसेस अमुक'. मग मराठीत शब्द द्यायचा की मॅट्रिक होईपर्यंत मुलीला काढणार नाही. इंग्रजी कशाला, तर त्या म्हणायच्या, आईनं एक पाऊल टाकलं तर मुलीला वाट दिसते. बापाच्या सहीचा त्यांना काही उपयोग नव्हता.

मी हे घरी येऊन सांगितलं. आई म्हणाली, "शब्द देते. हवा तेवढा देते. ते नाव मात्र माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"अगं, इंग्रजीत घ्यायचंय."

"जीभ तीच ना?"

तरी मी तिला शिकवायला बसवलं. 'आय ॲम मिसेस' इथवर ती छान यायची. मिसेसचं 'मिशेस' व्हायचं, पण ते मी सोडून दिलं. पुढं मात्र ती अडायची. वैरागच्या बाजाराला निघालेला बैल ओढ्याशी अडतो तशी अडायची, आणि ओढा काही ओलांडायची नाही. मी शाळामास्तरासारखी चिडायची. तिला सांगायची, मिसेस लावलं की ते अण्णांचं राहतच नाही, तुझं होतं. इंग्रजीत बायकोला नवऱ्याचं आडनाव अंगावर घालूनच हिंडावं लागतं.

"माझं कसं होईल? मी काय मालधक्क्यावर जाते?"

"मिसबाई नाही का आपलं आडनाव सांगत?"

"त्यांचं ते बापाचं. बापाचं नाव घ्यायला काय जातंय?" असं म्हणून तिनं आपल्या माहेरचं आडनाव खणखणीत आवाजात दोनदा म्हणून दाखवलं. वर म्हणाली, "मिसबाईंवर मिसेस व्हायची वेळ आली असती म्हणजे त्यांना कळलं असतं."

आमच्या खाली विणकरांचं बिऱ्हाड होतं. त्यांच्या घरात तेलुगू बोलत आणि दिवसभर हातमाग चालायचा. त्या घरच्या अक्का पाणी भरायला आल्या म्हणजे आमच्या पायरीवर टेकायच्या. माझा आरडाओरडा ऐकून त्यांनी काय झालं विचारलं. सगळं ऐकल्यावर त्या आईला म्हणाल्या, "आमच्यात घराचं नाव आधी येतंय, मानसाचं मागनं. घराचं नाव म्हंजे घराचं. भिताडाचं, चुलीचं, समद्यांचं. त्यात तुमच्या मालकांना काय हुतंय? घ्या की."

आई जरा विचारात पडली. मग म्हणाली, "अक्का, तुम्ही घेता का तुमच्या मालकांचं?"

"अय्यो, म्या कशाला घेऊ," म्हणत अक्कांनी जीभ चावली आणि घागर उचलली. आम्ही तिघीही हसलो आणि शिकवणी त्या दिवसापुरती संपली. अण्णांना यातलं काही सांगायचं नाही अशी आईनं मला शपथ घातली होती. त्यांना एवढंच ठाऊक होतं की गुरुवारी आई मला घेऊन शाळेत जाणार आहे.

गुरुवारी आई इरकली नेसली. वाटेत ती ओठ हलवत होती. मला वाटलं इंग्रजी वाक्य म्हणते आहे. जवळ जाऊन ऐकलं तर रामरक्षा.

मिसबाईंची खोली थंडगार होती. त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या, प्रत्येक शब्द धुऊन पुसून मांडलेला. "या. बसा. तुमचे नाव काय आहे?"

आई बसली नाही. हात जोडले, घसा साफ केला आणि म्हणाली, "आय ॲम मिशेस." आणि थांबली. मिसबाई वाट बघत राहिल्या. मी आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मग आईनं एकदम स्वतःचं, अण्णांनी लग्नात ठेवलेलं नाव जोडून टाकलं.

मिसबाई हसल्या. "हे सुंदर नाव आहे. परंतु ते तुमचे एकटीचे. मिसेस म्हटल्यावर घराण्याचे नाव येते."

"गावाचं दप्तर असतं ना," आई म्हणाली, "ते पूर्वी ज्यांच्याकडं असायचं..."

"पाटील?"

"नाही. पाटलांच्या शेजारी बसायचे ते."

"तलाठी?"

"तलाठी कालचे," आई म्हणाली. तिला राग आल्याचं मला कळलं.

मिसबाईंचं हसू मावळलं. इतकी वर्षं सोलापुरात काढून त्यांना बायकांचा हा नेम ठाऊक नव्हता असं नाही. पण तो पाळण्यातल्या नावाचा असतो, आडनावाचा नसतो, हे त्यांनी पक्कं शिकून घेतलं होतं. आमची आई त्या धड्यात बसत नव्हती. त्या माझ्याकडं बघत सावकाश म्हणाल्या, "बाई, मागील वर्षी एका मुलीबरोबर तिची शेजारीण आई म्हणून आली होती. तिलाही घराण्याचे नाव सांगता आले नाही. ती मुलगी दिवाळीपर्यंतच राहिली. माझ्याकडे जागा थोड्या आहेत. या मुलीच्या आईला घेऊन या."

"मीच आई आहे," आई म्हणाली.

"मग नाव सांगा."

मी तोंड उघडलं. आडनाव माझ्या ओठांवर होतं, मी ते शंभर वेळा म्हणून दाखवलं असतं. मिसबाईंनी तळहात वर केला. "तू नाही." मला रडूच फुटलं. शाळा गेली असं मी धरून चालले. खिडकीतून वर्गातल्या मुलींचा कविता म्हणायचा आवाज येत होता आणि तो मला ऐकवत नव्हता.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग डाव्या हातानं गळ्यातलं मंगळसूत्र घट्ट धरलं, इतकं की बोटं पांढरी पडली. "आय ॲम मिशेस," ती म्हणाली, आणि पुढं आमचं आडनाव. शेवटच्या अक्षरापर्यंत, अगदी स्वच्छ. मी आयुष्यात तिच्या तोंडून ते तेव्हाच ऐकलं. ती श्वास घ्यायलाही थांबली नाही. त्याच दमात म्हणाली, "ही माझी मुलगी आहे. मॅट्रिक होईपर्यंत मी हिला शाळेतून काढणार नाही. कुणाला काढूही देणार नाही." शेवटचं वाक्य मिसबाईंच्या रीतीत नव्हतं. ते तिनं पदरचं घातलं.

मिसबाई उठून उभ्या राहिल्या. "थँक यू, मिसेस," असं म्हणून त्यांनी आडनाव घेतलं. ते ऐकताना आई अशी दचकली की जणू अण्णाच मागं येऊन उभे राहिलेत.

बाहेर आल्यावर मी उड्या मारत होते. घराच्या वाटेला न लागता आई तळ्यातल्या सिद्धेश्वराच्या देवळाकडं वळली. तिथं ती कितीतरी वेळ हात जोडून बसली. मी माशांना लाह्या टाकत होते आणि मनातल्या मनात इंग्रजी पुस्तकाला कोणतं कव्हर घालायचं ते ठरवत होते.

शनिवारी आईनं अण्णांच्या आवडीची आमटी केली. पॅसेंजरची वेळ झाली. स्टेशनाकडून टांगे आले, गल्लीत थांबले, माणसं उतरली, टांगे गेले. अण्णा आले नाहीत. आई दारात उभी होती ती दिवेलागण झाली तरी तिथंच. मी म्हटलं, गाडी चुकली असेल.

"रेल्वेतल्या माणसाची गाडी चुकते होय?" ती म्हणाली. आणि जरा वेळानं, अगदी हळू, "मी घेतलं ना गं."

तेव्हा कुठं मला कळलं की गुरुवारपासून ती काय डोक्यावर घेऊन वावरत होती. मी जिला खुळचट समजूत म्हणत होते ती तिच्यासाठी चुलीतल्या विस्तवाइतकी खरी होती. आणि तरीही तिनं हात घातला होता. मलाही भीती वाटायला लागली, इंग्रजी शाळेत जायला निघालेल्या मला. मी म्हटलं, "मला नाही जायचं त्या शाळेत. आपण सांगून येऊ."

"गप बैस," ती म्हणाली. "आता नाही गेलीस तर मी घेतलं कशाला?"

ती जेवली नाही. तिच्याबरोबर मीही जेवले नाही. अक्कांनी वर येऊन आम्हाला दोघींना ताक पाजलं.

रविवारी दुपारी अण्णा आले. अंगावर कोळशाची भुकटी, डोळे तांबडे, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. जोडीदार कारकून तापानं पडला म्हणून त्याची पाळी यांच्या गळ्यात आली होती. ते पाय धूत होते तेवढ्यात आई तांब्या घेऊन तिथंच उभी राहून म्हणाली, "अहो, मी तुमचं नाव घेतलं."

"कुठं?"

"शाळेत. हिच्यासाठी. आणि काल तुम्ही आला नाहीत."

अण्णांना उमगायला क्षणभर वेळ लागला. मग ते हसायला लागले. "अगं, सबंध कुर्डुवाडी जंक्शन सकाळपासून त्या नावानं माझा उद्धार करत असतं. नावानं माणूस जात असता तर मी केव्हाच..."

"अभद्र बोलू नका," आई म्हणाली. अण्णांचं हसू थांबलं. त्यांनी तिच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि खाली ठेवला. ओल्या पायांनीच आत आले. मला म्हणाले, "दोन पाट मांड." आई एरवी त्यांचं झाल्यावर मागून जेवायची. त्या दिवशी त्यांनी तिला शेजारच्या पाटावर बसवलं आणि स्वतःच्या हातानं तिच्या पानात आमटी वाढली. आमटी सांडली, पाटावर ओघळ आला, पण आई तशीच खाली मान घालून जेवली. हात धुताना अण्णा म्हणाले, "मला एकदा ऐकव की. मी तरी कुठं ऐकलंय तुझ्या तोंडून?"

"आता नाही," आई म्हणाली. "झालं ते झालं."

सोमवारी मी शाळेत गेले. मिसबाई हजेरी घेताना मुलींना मिस लावून आडनावानं पुकारायच्या. तोवर मी घरात बाळी होते आणि बाहेर कुणाची तरी मुलगी. मिसच्या मागून आमचं ते गल्लोगल्ली मिळणारं आडनाव आलं, आणि मागं वळून पाहायला दुसरं कुणीच नव्हतं. ते माझ्यासाठीच होतं. मी 'येस मिस' म्हणाले तो आवाज मला स्वतःलाच अनोळखी वाटला. घरी येऊन मी आईला हे सांगितलं. तिनं कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "तू म्हण. तुला काही नाही होत."

पुढं दोनेक वर्षं सुखात गेली. मॅट्रिकला अजून अवकाश होता, आणि मोठे काका करकंबहून आले ते स्थळ घेऊन. वैरागचं घर. शेतीवाडी, आडत, एकुलता मुलगा, पुण्यात कायदा शिकणारा. काका काही दुष्ट नव्हते. माझ्यावर त्यांचा जीव होता. दर खेपेला माझ्यासाठी हुरडा नाहीतर बोरं आणायचे. पण पोरीला इंग्रजी शिकवणं म्हणजे गाईला पागोटं बांधणं, असं त्यांचं मत होतं. ते अण्णांना म्हणाले, "असलं स्थळ पुन्हा दारात यायचं न्हाई. शाळा काय, आज हाय उद्या न्हाई. ह्या वैशाखात उरकून टाक."

अण्णा थोरल्या भावापुढं कधी बोलले नव्हते. त्यांनी दोनदा घसा साफ केला, आणि पंचाच्या काठाची दशी ओढत राहिले. मी दाराआडून बघत होते. अण्णा हो म्हणणार हे मला स्पष्ट दिसत होतं. त्यांना तरी दोष कसा द्यावा? स्थळ खरंच चांगलं होतं.

आई काकांसमोर कधी येत नसे. काही सांगायचं तर माझ्याकरवी किंवा उंबऱ्याच्या आतून. त्या दिवशी ती डोक्यावरून पदर घेऊन बाहेरच्या खोलीत आली आणि भिंतीशी उभी राहिली. काका गोंधळून सरळ बसले.

"भाऊजी," ती म्हणाली, "स्थळ चांगलं आहे. तुम्ही हिच्या वाइटाचं आणणार नाही हे मला ठाऊक आहे. पण मी त्या मिसबाईंसमोर यांचं नाव घेऊन शब्द दिलाय. उखाण्यात नाही, हौसेनं नाही. यांचं नाव घेतलं आणि त्याच तोंडानं सांगितलं की हिला मॅट्रिकपर्यंत काढणार नाही. त्यापायी यांच्या आयुष्यातलं जे काही तुटलं असेल ते तुटलं. आता शब्द मोडला, तर ते फुकट गेलं."

खाली अक्कांचा माग चालला होता. अण्णांनी मान वर करून आईकडं पाहिलं. काकांना इंग्रजी पटत नव्हतं, शाळा पटत नव्हती, गोऱ्या बाईला दिलेल्या शब्दाची त्यांना फिकीर नव्हती. पण घरच्या लक्ष्मीनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढणं म्हणजे काय, हे त्यांना अण्णांपेक्षा, माझ्यापेक्षा आणि मिसबाईंपेक्षा जास्त कळत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच बदलला. ते उठले, खुंटीवरचं पागोटं काढून डोक्यावर ठेवलं आणि अण्णांना म्हणाले, "वैरागला मी निरोप देतो. तू काय बोलू नको."

जाताना ते दाराशी थांबले. मी आड झाले होते तिथून त्यांनी मला हातानं बाहेर बोलावलं.

"कितवीत हाईस?"

मी सांगितलं.

"नीट शिक," काका म्हणाले. "बापाच्या आयुष्यावर शिकतीयस."

मी हो म्हणाले, आणि आत जाऊन पुस्तक उघडलं. अक्षरं दिसत नव्हती, तरी ते उघडून बसले.